रेडिएटर : डाख द्यायचा, जाळी बदलायची की नवा घ्यायचा?
— ऊस विकास अधिकारी



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, लागण, खोडकिडा, पाचट कुजवणे यांवर लिहावे. रेडिएटरवर लिहिण्याचा त्याला काय अधिकार, असे काहींना वाटेल. पण रानात 86032 चे कितीही चांगले पीक उभे केले, तरी त्याचा पैसा होतो तो काट्यावर. आणि घाटाखालचा ऊस काट्यावर यायचा म्हणजे मध्ये घाट आहे. करूळचा असो, भुईबावड्याचा असो की फोंड्याचा असो, चढ तो चढच. त्या चढावर जुन्या गाडीचे पाणी उकळले की पुढचे सगळे गणित बिघडते. तोडलेला ऊस थांबत नाही. तो वाळतो, वजन घटते, आतली साखर उतरत जाते. 24 तासांच्या आत ऊस गव्हाणीत पडावा असे आम्ही ओरडून सांगतो, ते उगाच नव्हे.

गेल्या हंगामात घाटाखालच्या एका सभासदाचा ट्रॅक्टर भर चढावर तापून उभा राहिला. वळणावर दोन ट्रॉल्या, मागे गाड्यांची रांग. ड्रायव्हर पोरसवदा. त्याने घाईने झाकण फिरवले आणि उकळते पाणी हातावर आणि गळ्यावर आले. पोरगा वाचला, पण महिनाभर काम नाही. ट्रॅक्टरचे हेड वाकले होते, गॅस्केट जळले होते. ऊस दुसऱ्या दिवशी दुसऱ्या ट्रॅक्टरने वर आला. आणि एवढ्या सगळ्याला कारण काय, तर खालच्या टाकीच्या सांध्याला पावसाळ्यापासून असलेली एक बारीक गळती. 'रोज लिटरभर पाणी घालायचे, चालतंय की,' असे म्हणून चालवलेली. डाखाचा खर्च वाचवला आणि इंजिन उघडावे लागले. असली प्रकरणे दर हंगामात होतात. म्हणून म्हटले, या वेळी यावरच लिहू.

डिझेल जळून जी उष्णता होते तिच्यातला साधारण तिसरा हिस्साच चाकांच्या कामी येतो. दुसरा मोठा हिस्सा धुराबरोबर जातो आणि जवळपास तेवढाच पाण्यातून बाहेर काढावा लागतो. म्हणजे तुमचा ट्रॅक्टर जितकी ताकद ट्रॉली ओढायला लावतो, जवळजवळ तितकीच उष्णता रेडिएटरला वाऱ्यावर सोडावी लागते. चढावर इंजिन पूर्ण जोरात आणि गाडीचा वेग बैलगाडीचा. समोरून वारा नाही, सगळा भार पंख्यावर. सपाटीवर महिनोन् महिने बिनतक्रार चालणारी गाडी घाटातच का तापते, ते यावरून कळेल.

आपल्याच कारखान्यात हे पाहता येते. सर्वसाधारण सभेला आलात की मागच्या बाजूचे स्प्रे पाँड बघा. कारंज्यांतून पाणी हवेत उडवतात ते शोभेला नव्हे. कंडेन्सरचे गरम पाणी बारीक थेंब करून वाऱ्याला द्यायचे, म्हणजे ते थंड होते. रेडिएटर तेच करतो, फक्त पाणी बंद नळ्यांत ठेवून. आणि इव्हॅपोरेटरच्या नळ्यांत हंगामात खपली धरते, तेव्हा कारखाना ठराविक दिवसांनी थांबवून त्या कॉस्टिक सोड्याने उकळून घासून काढाव्या लागतात. नाही काढल्या तर वाफ तीच, पण रस आटत नाही. रेडिएटरच्या नळीतही तीच खपली. तांब्याच्या मानाने ही चुनखडी शेकडो पट कमी उष्णता वाहते. कागदाएवढा थर बसला तरी नळीला गोधडी पांघरल्यासारखे होते.

ही जाळी कुणाच्या डोक्यातून निघाली तेही ऐकण्यासारखे आहे. कार्ल बेंझच्या 1886 च्या तीनचाकी गाडीत पाणी नुसते उकळून वाफ होऊन जाई. वाटेत पाणी भरत जायचे. जर्मनीतल्याच विल्हेल्म मायबाख यांनी 1900 साली 35 अश्वशक्तीच्या मर्सिडीजसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. त्यात 8,070 बारीक चौकोनी नळ्या एकत्र डाखलेल्या होत्या. पाणी थोडे, पण वाऱ्याला मिळणारा पृष्ठभाग प्रचंड. आपल्याकडे 1947 साली महिंद्राने जीपची जुळणी सुरू केली, पुढे ट्रॅक्टर, मेटॅडोर, 407 आल्या, तरी कल्पना तीच राहिली. अपवाद ऐशरच्या जुन्या हवेवर थंड होणाऱ्या ट्रॅक्टरांचा. त्यांना रेडिएटरच नाही. त्यांच्या मालकांनी हा लेख शेजाऱ्याला वाचायला द्यावा, आणि आपल्या इंजिनाच्या पट्ट्यांत अडकलेले पाचट तेवढे काढावे.

आता आपल्या भागाचे दुखणे. किनाऱ्याकडे, मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या बाजूला, दोन शत्रू आहेत. एक बाहेरून येतो, खारा वारा. जाळीच्या पातळ पंखांवर मीठ बसते, त्यावर पावसाळ्याची ओल, आणि चार-पाच वर्षांत पंखे हिरवे पडून बोटाने चुरा होतात. नळ्या शाबूत दिसतात, गळतही नाही, पण गाडी तापते. कारण पंख आणि नळी यांचा सांधाच सुटलेला असतो. दुसरा शत्रू आपण स्वतः आत ओततो, ते म्हणजे मचूळ पाणी. कुडाळकडून मालवणला जाताना वाटेवर एक रेडिएटरवाले मेस्त्री आहेत. गाडी दारात आली की हत्याराला हात लावण्याआधी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : "सायबानु, पाणी खंयचा घालतास?" खाडीकडच्या बावीचे, असे सांगितले की ते हसतात. "मगे रेडिएटराक कित्याक गाळी देतास?"

शिवाजी महाराजांनी 1664 साली सिंधुदुर्ग बांधायला घेतला तो चहूबाजूंनी खारट समुद्रात. पण आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. माणसाला आणि किल्ल्याला जे कळते ते रेडिएटरलाही लागू आहे. खारवट जमिनीत आपला फुले 265 तग धरतो; पितळेची नळी धरत नाही. भरती-ओहोटीबरोबर चव बदलणाऱ्या विहिरीचे पाणी गाडीला घालू नये. वर जांभ्याच्या सड्यावरच्या विहिरींचे पाणी मऊ असते, खपली फारशी धरत नाही. देशावर काळ्या रानातल्या बोअरचे पाणी उलट जड, तिथे खपलीच जास्त. आणि सगळ्यात उत्तम पाणी आपल्याकडे फुकट पडते! मृगाचे पहिले दोन-चार पाऊस छप्पर धुऊन जाऊ द्यावेत, नंतर पागोळ्यांखाली स्वच्छ कॅन लावावा. गाळून, बूच लावून ठेवलेले दोन कॅन एका ट्रॅक्टरला वर्षभर पुरतात. मात्र नुसत्या पाण्यावर गाडी ठेवू नये. पावसाचे पाणी खपली धरत नसले, तरी इंजिनाच्या बिडाला गंज आणतेच. त्यासाठी कूलंट घालायचेच.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. इंग्रजी फौजेच्या काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात पितळी काडतुसे तबेल्यांशेजारी ठेवली जात आणि पावसाळा संपला की ती आपोआप तडकलेली निघत. कोडे बरीच वर्षे सुटले नव्हते. 1921 साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया ताणलेल्या पितळाला तडे पाडतो. आता तुमचा ट्रॅक्टर रात्री कुठे उभा असतो ते बघा. गोठ्याच्या पडवीत, गोमूत्राच्या नाल्याकडे तोंड करून, आणि बाजूला युरियाच्या फाटक्या गोण्या! पितळी नळ्यांना आणि टाकीला हाच अमोनिया लागतो. दुसरी जागा नसेल तर निदान तोंड वाऱ्याकडे फिरवून लावा आणि युरिया तिथून हलवा.

गाडी तापते म्हणजे रेडिएटरच गेला असे धरून चालू नका. मेस्त्रीकडे जाण्याआधी घरी पाच गोष्टी तपासता येतात. पंख्याचा पट्टा ढिला आहे का? मधोमध अंगठ्याने दाबून अर्ध्या इंचापेक्षा फार जास्त खाली जात असेल तर तो घसरतो. वॉटर बॉडीच्या खालच्या छिद्रातून पाणी टपकते का? असेल तर तिचा सील गेला. जाळीच्या समोरच्या अंगाला पाचट, भुसा, किडे बसलेत का? पंखा हवा आत ओढत असेल तर इंजिनाच्या बाजूकडून बाहेर अशी हवा किंवा हलके पाणी मारायचे. समोरून मारले तर कचरा आणखी आत ठासतो. झाकणाचे रबर वाळले आहे का? आणि शेवटचे, सगळ्यात महत्त्वाचे. गार इंजिनाचे झाकण काढून चालू करा. पाण्यात सतत बुडबुडे येत असतील, किंवा ऑइल दुधाळ चहासारखे झाले असेल, तर गॅस्केट किंवा हेड गेले आहे. अशा वेळी नवा रेडिएटर घातला तरी तो चार दिवसांत पुन्हा उकळणार. रेडिएटर विकणारा हे आपणहून सांगेलच असे नाही.

झाकणाबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित वस्तू तीच. पाणी समुद्रसपाटीला 100 अंशांवर उकळते. वर चढू तसे दर 300 मीटरला साधारण 1 अंश कमी, म्हणजे घाटमाथ्यावर दोनेक अंश आधीच. उलट झाकण आत दाब धरून ठेवते, दर एका पौंडाला दीडेक अंश जास्त. 7 पौंडांचे झाकण असेल तर पाणी 110 च्या पुढे जाईतो उकळत नाही. झाकणाची स्प्रिंग गेली की हे सगळे संरक्षण गेले. रेडिएटर ठणठणीत असूनही पाणी फेकते. पण जुन्या रेडिएटरवर 'जास्त चांगले' म्हणून 13-14 पौंडांचे झाकण बसवणारेही भेटतात. ते करू नका. जुना सांधा तेवढा दाब सोसत नाही. मूळ झाकणावर जो आकडा असेल तोच घ्यायचा.

आता मुख्य प्रश्न. रेडिएटर खरोखरच गळतो आहे. काय करावे?

जुन्या गाडीचा रेडिएटर तांबे-पितळेचा असेल तर तुम्ही नशीबवान आहात, कारण तो दुरुस्त होतो. डाख म्हणजे शिसे आणि कथील यांचे मिश्रण. नुसते कथील 232 अंशांना वितळते, नुसते शिसे 327 ला. पण दोन्ही एकत्र केली की 183 पासूनच पातळ व्हायला लागतात. तांब्याला वितळायला 1,085 अंश लागतात. म्हणून नळीला धक्का न लावता सांधा भरता येतो. मेस्त्री काय करतात ते उभे राहून बघा. आधी रेडिएटरची तोंडे बुचांनी बंद करून, पंपाने हवा भरून पाण्याच्या टाकीत बुडवतात. बुडबुडा निघतो तिथे खडूची खूण. मग ती जागा घासून लख्ख, जस्त टाकून मारलेले तेजाब, आणि मग डाख. कल्हईवाला भांडे तापवून नवसागर टाकतो ना, त्याच जातीचे हे काम. धातू स्वच्छ नसेल तर डाख वर नुसता मण्यासारखा बसतो आणि पहिल्याच घाटात निघून येतो. सांधा गुळगुळीत, चकचकीत पसरलेला दिसला पाहिजे. काम झाल्यावर पुन्हा टाकीत बुडवून दाखवायला सांगा, आणि तेजाब सोड्याच्या पाण्याने धुऊन घ्या. नाहीतर वरून तेच खाते. हे काम घरी चुलीपाशी करू नका. शिशाचा धूर आणि कण वाईट, लहान मुलांना तर फारच.

नळ्या चोंदलेल्या असतील तर नुसता डाख उपयोगाचा नाही. मग वरची-खालची टाकी डाख वितळवून सोडवतात आणि एकेका नळीतून पातळ पोलादी पट्टी घालून खपली काढतात. याला रॉडिंग म्हणतात. ओळखायची खूण : गाडी गरम असताना इंजिन बंद करून पंखा थांबला की जाळीवर वरून खाली सावधपणे हात फिरवा. जिथे गार पट्टा लागतो तिथे पाणी फिरत नाही.

फुटलेली नळी मेस्त्री दोन्ही टोकांना डाखून बंद करतात. एक-दोन नळ्या बंद केल्या तर फरक पडत नाही. पण माझा हिशेब असा, की आठ-दहा नळ्यांत एक अशी बंद व्हायला लागली, किंवा पंख बोटाने निघायला लागले, तर डाखावर पैसे घालणे थांबवावे. मग टाक्या जुन्या ठेवून मधली जाळी तेवढी नवी बसवून घ्यावी. जुन्या जाड पितळी टाक्या आज सहसा मिळत नाहीत; त्या टाकून देऊ नका. बदलताना जुन्या जाळीत नळ्यांच्या किती ओळी होत्या ते आधी मोजून लिहून ठेवा. तीन ओळींच्या जागी दोन ओळींची स्वस्त जाळी बसवली की पाऊसकाळात कळत नाही, मार्चच्या उन्हात घाटात कळते. आणि जुनी जाळी मोडीत जाते तेव्हा तांब्या-पितळेचा भाव मेस्त्रीकडे नक्की विचारा. ते फुकट सोडायचे काही कारण नाही.

नवा ॲल्युमिनियमचा घ्यावा का? हलका असतो, बहुधा स्वस्तही असतो, उष्णताही चांगली सोडतो. पण त्याला आपला साधा डाख धरत नाही, कारण ॲल्युमिनियमवर हवेत लगेच एक घट्ट पापुद्रा येतो. टाक्या बऱ्याचदा प्लॅस्टिकच्या, कडा दुमडून बसवलेल्या. फुटला की गावात दुरुस्त होत नाही, बदलायचाच. आणि मचूळ पाणी त्याला पितळेपेक्षा लवकर भोके पाडते. किनाऱ्याकडच्या सभासदाने, ज्याची गाडी वर्षात चार-पाच महिने ओझ्याखाली असते, त्याने जुन्या गाडीला तांबे-पितळच ठेवावे असे मला वाटते. रोजच्या वापरातली साधी जीप असेल, चांगले कूलंट घालायची सवय असेल, तर ॲल्युमिनियमला माझी हरकत नाही.

मालवणच्या बंदरात कुणी विचारेल, आमच्या ट्रॉलरला तर रेडिएटरच नाही आणि समुद्राचे पाणी चालते, ते कसे? ट्रॉलरच्या इंजिनात बहुधा गोडे पाणी आतल्या आत फिरते आणि खारे पाणी वेगळ्या नळ्यांतून त्याला बाहेरून थंड करते. शिवाय त्या नळ्यांची मिश्रधातू निराळी, आणि जस्ताचे ठोकळे मुद्दाम झिजायला ठेवलेले असतात. ट्रॅक्टरला यातले काही नाही.

वाटेतल्या उपायांबद्दल. हळद! जुने ड्रायव्हर गळक्या रेडिएटरमध्ये हळदीची पुडी टाकतात आणि खरोखर बारीक गळती थांबते. हळद फुगून भोकात अडकते. पण ती चांगल्या नळ्यांतही अडकते. रात्री घाटात अडकलात तर टाका, घर गाठा आणि दुसऱ्या दिवशी सगळे पाणी काढून धुवा. 'चालतंय ना' म्हणून महिनाभर ठेवू नका. कुणाच्या मनात येईल, आमसुलाने तांब्याची भांडी निघतात, मग आगळ ओतले तर? आगळात मीठ असते, अजिबात नको. खपली काढायची तर गोड्या पाण्यात लिंबूसत घालून अर्धा तास इंजिन चालवावे आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत दोन-तीनदा धुवावे. फार जुन्या, पातळ झालेल्या जाळीला हेही मेस्त्रीला विचारूनच; कधीकधी खपलीनेच भोक धरलेले असते.

बसवताना खालची रबरे नवी घाला. रेडिएटर बहुतेक वेळा गंजून नव्हे, हादऱ्याने सांध्यात फुटतो. होज पाइप दाबून बघा. मऊ पडलेला किंवा चिरलेला असेल तर त्याच वेळी बदला. पंख्याभोवतीचे पत्र्याचे कवच अनेकांनी काढून फेकलेले असते, ते परत लावा, ते नसेल तर पंखा जाळीतून हवा न ओढता तीच हवा फिरवत बसतो. थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धतही वाईट. इंजिन गारच राहते, डिझेल जास्त पिते आणि लायनर झिजतो. तो अडकला असेल तर 80 अंशांच्या आसपास उघडणारा, कंपनीने सांगितलेलाच नवा घाला.

घाटात चढण्याआधी एक गिअर खालचा घ्या. वरच्या गिअरमध्ये इंजिन कण्हत चढवले की पंखा आणि वॉटर बॉडी दोन्ही मंद फिरतात. काटा लाल रेषेकडे गेला तर कडेला घ्या, चाकांना दगड लावा, इंजिन लगेच बंद न करता रिकाम्यावर चालू ठेवा; पाणी फेकत असेल तरच बंद. झाकणाला अर्धा तास हात लावायचा नाही. मग ओल्या गोणपाटाने धरून पहिल्या खाचेपर्यंतच फिरवायचे, फुसफुस थांबल्यावर पूर्ण काढायचे. तापलेल्या इंजिनात गार पाणी भसकन ओतले की हेड तडकते. इंजिन चालू करून, थोडे थोडे घालायचे.

कूलंट बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणातच मिसळा, शक्यतो निम्मे-निम्मे, आणि सांगितलेल्या मुदतीत बदला. एक खबरदारी फार महत्त्वाची. यातले इथिलिन ग्लायकॉल चवीला गोड असते आणि विषारी असते. कुत्री, वासरे चाटतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊन मरतात. काढलेले कूलंट अंगणात किंवा पाटात सोडू नका. बूच असलेल्या कॅनमध्ये भरून, कॅनवर 'विष' असे लिहून मेस्त्रीकडे परत द्या, आणि जिथे सांडले असेल तिथे माती टाकून भरपूर पाणी मारेपर्यंत जनावर सोडू नका.